दीड एकराचे करायचे काय?

पाचगणीच्या परिसरात एकाच जमिनीला दोन भाव असतात. पहिला भाव रस्त्याकडेच्या दलालाच्या फलकावरचा, गुंठ्याच्या हिशेबाने सांगितला जाणारा. दुसरा भाव त्याच जमिनीतून वर्षाकाठी हाती येणाऱ्या पिकाचा. पहिला भाव दुसऱ्याच्या इतका पुढे निघून गेला आहे, की नव्याने जमीन विकत घेऊन केवळ शेतीच्या उत्पन्नावर तिची किंमत फेडणे एका पिढीला शक्य होणार नाही. साहजिकच ज्याच्या नावावर दरीकाठचा एक-दीड एकराचा तुकडा आहे, तो कागदोपत्री श्रीमंत आणि प्रत्यक्षात तंगीत, अशा विचित्र अवस्थेत सापडला आहे. खिंगर, आंब्रळ, राजपुरी, गोडवली, दांडेघर, भिलार, कासवंड, पांगारी अशा गावांतून आज जो प्रश्न घरोघरी चर्चिला जातो, तो हाच आहे. हा तुकडा कसायचा, कुणाला कसायला द्यायचा, त्यावर पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या की तो विकून मोकळे व्हायचे?

प्रश्न वरकरणी एका कुटुंबाचा दिसतो. तथापि पुण्या-मुंबईच्या वाचकाचा त्याच्याशी दुहेरी संबंध आहे. एक तर या जमिनीचा संभाव्य खरेदीदार शहरातच राहतो. दुसरे असे की, तिचे निम्मे मालकही शहरातच राहतात.

जमीन डोंगरावर, मालक घणसोलीत

जावळी, महाबळेश्वर, पाटण या डोंगरी तालुक्यांतील कर्त्या माणसांनी मुंबईचा रस्ता धरला, त्याला कित्येक पिढ्या लोटल्या. गोदी, मशीद बंदर, भायखळ्याचा बाजार आणि पुढे वाशीचा घाऊक बाजार येथील माथाडी कामगारांत सातारा जिल्ह्याचा वाटा मोठा. १९६९च्या माथाडी कायद्याने या कष्टकऱ्यांना बांधीव रोजगार मिळाला, नवी मुंबईत घरे झाली आणि गावची शेती मागे राहिलेल्या भावाकडे, चुलत्याकडे किंवा म्हाताऱ्या आईकडे गेली. सातबाऱ्यावर मात्र सगळ्यांची नावे कायम राहिली. आजोबांच्या एका नावाच्या जागी बाप व चुलते आले, त्यांच्या जागी नातवंडे आली. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये केली, तेव्हा बहिणींची व त्यांच्या मुलांची नावेही लागू लागली. ती लागलीच पाहिजेत, याबद्दल दुमत नको. परंतु दीड एकराच्या उताऱ्यावर चौदा-पंधरा सामाईक खातेदार असले आणि त्यांतले निम्मे गावी फक्त यात्रेला येत असले, तर जमिनीबाबत कोणताही निर्णय घेणे म्हणजे एखादी सर्वसाधारण सभा भरवण्यासारखेच होते.

कृषी गणनेच्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये सरासरी वहितीखातेे ४.२८ हेक्टरचे होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आले. ही राज्याची सरासरी झाली. तिच्यात विदर्भ-मराठवाड्याची सपाट व विस्तीर्ण शेते धरलेली आहेत. डोंगरातील दीड एकराची गोष्ट वेगळी असते. तो सलग नसतो. चार-सहा तालींत तो विभागलेला, मध्ये ओघळ, कुठे कातळ, कुठे हिरड्या-जांभळाची झाडी. उताऱ्यावर 'पोटखराबा' म्हणून नोंदलेले क्षेत्र वजा केले, तर प्रत्यक्ष नांगराखाली येणारी जमीन एका एकराच्या आतच भरते. शहरातील वारसाने हिशेब करताना पहिली चूक होते ती येथे. तो एकूण क्षेत्राला बाजारभावाने गुणतो. गावातला भाऊ पिकणाऱ्या क्षेत्राला स्ट्रॉबेरीच्या भावाने गुणतो. दोघांची उत्तरे जुळत नाहीत आणि मग घरात अबोला सुरू होतो.

वाटप करून प्रत्येकाने आपापला तुकडा सांभाळावा, हा उपाय सुचवणे सोपे आहे. पण १९४७चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पडेल असे वाटप किंवा विक्री या कायद्याला मान्य नाही. हे प्रमाणभूत क्षेत्र पूर्वी जिल्ह्यागणिक वेगवेगळे होते. ऑगस्ट २०२३ मध्ये शासनाने बहुतेक जिल्ह्यांच्या ग्रामीण भागासाठी ते जिरायतीला २० गुंठे व बागायतीला १० गुंठे असे एकसारखे केले. म्हणजे साठ गुंठ्यांच्या जिरायत जमिनीचे फार तर तीन वाटे पडतात. खातेदार पाच असले की मोजणी अडते. २०२५ मध्ये तुकडेबंदीतून सवलत देण्याची जी पावले पडली, त्यांचा रोख नागरी व निवासी वापराच्या क्षेत्राकडे आहे. डोंगरातील शेतजमिनीच्या वाटणीचा गुंता त्यामुळे सुटेल असे मानण्याचे कारण नाही. त्याच वर्षी शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरील नोंदणी शुल्क माफ करण्याचा निर्णय झाला, ही मात्र खरी सोय. घरात एकमत असेल, तर वाटणीपत्राच्या खर्चाचे कारण आता पुढे करता येणार नाही. एकमत विकत मिळत नाही, ही गोष्ट निराळी.

स्ट्रॉबेरीचा जुगार आणि हिशेब

जमीन कसायची म्हटली, की पाचगणीत पहिले नाव स्ट्रॉबेरीचे. ब्रिटिशांनी या थंड हवेच्या ठिकाणी हे फळ आणले. जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाचगणी वसवताना सिल्व्हर ओकसारखी परदेशी झाडे लावली. तिकडे महाबळेश्वरच्या तुरुंगातील चिनी कैद्यांनी विलायती भाजीपाल्याचे मळे फुलवले. तेव्हापासून या डोंगराला बाहेरच्या पिकांची सवय आहे. १९५९ मध्ये पाचगणीत फळप्रक्रियेचा उद्योग सुरू झाला व हंगामाअखेरच्या मऊ फळाला गिऱ्हाईक मिळाले. २०१० मध्ये 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी'ला भौगोलिक मानांकन मिळाले. देशातील स्ट्रॉबेरीपैकी सुमारे ८५ टक्के उत्पादन या एका पट्ट्यात होते, असे सांगितले जाते. एवढ्या लौकिकामागे शेतकऱ्याच्या हाती काय उरते, ते मात्र क्वचितच मांडले जाते.

एकरी साधारण वीस ते बावीस हजार रोपे लागतात. मातृरोपे परदेशातून येतात. पावसाळ्यात डोंगरावर रोपवाटिका टिकणे कठीण, म्हणून पसरणी घाट उतरून वाईकडच्या कमी पावसाच्या भागात ती वाढवली जातात आणि त्यांना फुटलेली नवी रोपे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वरच्या गादीवाफ्यांवर लावली जातात. गादीवाफा, त्यावर मल्चिंगचा कागद, खाली ठिबकची नळी. फळ नोव्हेंबरअखेर दिसू लागते आणि हंगाम एप्रिल-मेपर्यंत चालतो. म्हणजे सगळा खर्च पहिल्या दोन महिन्यांत होतो, पैसे मात्र थेंबाथेंबाने पुढील पाच महिन्यांत येतात.

हिशेब समजण्यापुरते काही आकडे गृहीत धरू. रोप दहा रुपयांना पडले आणि एकरात वीस हजार रोपे बसली, तर रोपांचेच दोन लाख होतात. मल्चिंग, ठिबक, खते, औषधे, तोडणीची मजुरी, डबे व वाहतूक मिळून तेवढीच रक्कम आणखी धरली, तर खर्च चार लाखांवर गेला. रोपामागे तीनशे ग्रॅम विकाऊ फळ मिळाले, तर सहा टन माल झाला. हंगामाची सरासरी किलोला ७० रुपये पडली, तर हाती ४ लाख २० हजार येतात. मेहनत फुकट गेली म्हणायचे. तीच सरासरी १०० रुपये पडली, तर सहा लाख येतात आणि वर्ष साजरे होते. शेतकऱ्याचे वर्ष किलोमागच्या या तीस रुपयांवर टांगलेले असते. डिसेंबरात पहिल्या तोडीला मिळणारा चढा भाव आणि मार्च-एप्रिलमध्ये प्रक्रियेसाठी जाणाऱ्या फळाचा पडता भाव यांची सरासरी कुठे लागेल, हे लागवडीच्या दिवशी कुणालाच ठाऊक नसते.

त्यात निसर्ग आणि नशीब. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली ती ऐन हंगामात; पर्यटक थांबले, बाजार थांबले आणि तोडलेले फळ गाईम्हशींपुढे टाकण्याची वेळ सातारा जिल्ह्यातील शेतकऱ्यांवर आली. पुढच्याच वर्षी, २३ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. माती, ताली, रस्ते सगळेच वाहून गेले. परतीचा पाऊस ऑक्टोबरात रेंगाळला की नुकती लावलेली रोपे कुजतात, हा अनुभव तर अलीकडे नित्याचा झाला आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात स्ट्रॉबेरीचा समावेश झाला, पण विम्याचा लाभ सातबाऱ्याशी व पीकनोंदीशी बांधलेला आहे आणि कसणारा व उताऱ्यावरचा माणूस एकच असतो असे नाही.

दीड एकरवाल्याने या पिकाकडे पाठ फिरवावी, असा याचा अर्थ नव्हे. या उंचीवर, या थंडीत, एवढ्याशा क्षेत्रातून इतके पैसे देणारे दुसरे पीक आज तरी नाही. चूक होते ती सगळी जमीन एकाच वर्षी स्ट्रॉबेरीखाली घालण्यात. त्याच वाफ्यात वर्षानुवर्षे हेच पीक घेतले, की मुळकुजीसारखे जमिनीतले रोग वाढतात आणि औषधांचा खर्च चढत जातो. मोठ्या शेतकऱ्याला फेरपालट परवडते. लहान शेतकरी हाव किंवा गरज, काहीही म्हणा, तिच्यापायी तेच वाफे पुन्हा उघडतो. ज्याच्याकडे पिकाऊ जमीन एक एकर आहे, त्याने वीस गुंठ्यांत स्ट्रॉबेरी आणि उरलेल्या वीस गुंठ्यांत घेवडा, बटाटा, गाजर, लसूण, गहू यांपैकी काही, आणि पुढच्या वर्षी अदलाबदल, असा क्रम धरला तर नफ्याचे शिखर खाली येईल, पण कर्जाची दरीही तितकी खोल राहणार नाही. वीस गुंठ्यांची तोडणी पहाटे घरच्या चार माणसांना उरकते, ही त्यातली दुसरी गोष्ट. एकराची तोडणी उरकायला जीप भरून मजूर आणावे लागतात आणि मजुरीचा आकडा तेथेच बिघडतो.

गव्हाचा उल्लेख काहींना नवलाचा वाटेल. पण महाबळेश्वरात गव्हावरील गेरवा रोगाचे संशोधन केंद्र १९४० पासून आहे. ते येथे का, याचे उत्तर या हवेत आहे. गेरव्याला ती मानवते. डोंगरउतारावर गहू, वरी, नाचणी घेणारी शेती स्ट्रॉबेरीपूर्वी होती आणि घरच्या ताटापुरती अजूनही काही तालींत टिकून आहे.

पाऊस उदंड, पाणी नाही

महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अवघ्या १९ किलोमीटरवरच्या पाचगणीत तो निम्म्याहूनही कमी होतो आणि घाटाखाली वाईला तर दुष्काळी तालुक्याच्या जवळ जातो. तरी पाचगणीचा पाऊसही पुण्याच्या दुपटीहून अधिक आहे. असे असताना फेब्रुवारीनंतर गावेच्या गावे टँकरची वाट पाहू लागतात. जांभ्याच्या सड्यातून व कातळाच्या भेगांतून पाणी झिरपत खाली जाते, झऱ्यांच्या रूपाने वाहते आणि उन्हाळ्यापूर्वी आटते. खाली धोम धरणाचे निळे पाणी दिसते. वरच्या तालीला त्याचा उपयोग फक्त पाहण्यापुरता.

जमिनीचे काय करायचे हा निर्णय म्हणूनच आधी पाण्याचा निर्णय आहे. शेतात बारमाही झरा आहे की नाही, त्यावर जमिनीची खरी किंमत ठरते. दलालाच्या फलकावर मात्र 'दरीचे दृश्य' हीच किंमत असते. एशिया प्लॅटो या संस्थेच्या आवारातून काम करणाऱ्या 'ग्रामपरी'ने पाचगणी परिसरातील गावांत झऱ्यांचे पाणलोट शोधून, झऱ्याचे तोंड बांधून घेऊन पाणी स्वच्छ व टिकाऊ ठेवण्याचे काम केले आहे. सरकारी योजनांतून प्लास्टिकचे अस्तर घातलेली शेततळी झाली. दीड एकरातील दोन-तीन गुंठे शेततळ्यात घालणे जिवावर येते, हे खरे; पण तळे वरच्या तालीत असेल, तर खालच्या वाफ्यांना ठिबकचे पाणी उताराने पोहोचते आणि पंपाचे वीजबिल वाचते. कूपनलिका खोदून मोकळे होण्याची वाटही येथे निर्वेध नाही. पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेनुसार भूजल जागेच्या भोगवटादाराला त्याच्या शेतीसाठी व घरगुती वापरासाठीच काढता येते. ते विकता येत नाही. हॉटेलांच्या दारात उभे राहणारे टँकर पाहिले, की हा नियम कितपत पाळला जातो असा प्रश्न पडतो.

कूळ लागण्याचे भय

मुंबईतल्या खातेदाराला स्वतः कसणे शक्य नसते, म्हणून सर्वांत अधिक प्रचलित असलेला मार्ग म्हणजे जमीन दुसऱ्याला कसायला देणे. कधी भावबंदांना, कधी शेजाऱ्याला, कधी पाच-दहा जणांच्या तुकड्यांवर एकत्र स्ट्रॉबेरी लावणाऱ्या मोठ्या बागायतदाराला. खंड ठरतो तोंडी. पैसे यात्रेला किंवा गणपतीला हातात पडतात. कागद कुठेच नसतो, कारण कागदाची दोघांनाही धास्ती असते.

ही धास्ती निराधार नाही. १९४८च्या कूळ कायद्याने कसेल त्याची जमीन हे तत्त्व आणले आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरवून त्या दिवशी कसणारी कुळे जमिनीची मालक मानली. पुढे निर्माण होणाऱ्या कुळालाही खरेदीचा हक्क कायद्यात राहिला. त्या कायद्याने लाखो कुळांना जमीन दिली, हे त्याचे ऐतिहासिक श्रेय. मात्र त्याची छाया आज वेगळ्याच माणसांवर पडते. येथे मालक हा दोन खोल्यांत राहणारा माथाडी असतो आणि 'कूळ' हा अनेकदा त्याच्यापेक्षा सधन बागायतदार असतो. मालकाला जमीन जाण्याचे भय. म्हणून तो दरवर्षी कसणारा बदलतो किंवा जमीन पडीक ठेवतो. कसणाऱ्याला पुढच्या वर्षाची शाश्वती नाही. म्हणून तो शेणखत घालत नाही, ताल दुरुस्त करत नाही, आठ महिन्यांत निघेल तेवढे काढून घेतो. जमिनीची झीज दोन्हीकडून होते. पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई ही सारी उताऱ्यावरच्या नावाने येत असल्याने अतिवृष्टीत रोपे कुजतात एकाची आणि मदतीचा अर्ज भरायचा दुसऱ्याने, असा प्रकार घडतो.

नीती आयोगाने २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा मांडला. मालकाची मालकी अबाधित ठेवून कसणाऱ्याला ठरावीक मुदतीची लेखी हमी व कर्ज-विम्याचा लाभ द्यावा, हे त्याचे सूत्र. डोंगरातील दीड एकरासाठी याहून उपयोगी सुधारणा दुसरी नाही. शेतजमिनीच्या खरेदीवर विधिमंडळात जितकी चर्चा होते, तितकी भाडेपट्ट्यावर होत नाही. खरेदी-विक्रीत ज्यांचे हितसंबंध आहेत, त्यांचा आवाज मोठा असतो एवढेच त्याचे कारण असावे. दरम्यान १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचे छायाचित्र घेऊन नोंद करायची ही पद्धत. त्यामुळे घणसोलीत बसून पीक लावता येत नाही. वर्षानुवर्षे गावी न फिरकणाऱ्या मालकाला तिने प्रथमच बांधावर आणले, हा तिचा अनपेक्षित परिणाम म्हणावा लागेल.

'कृषी पर्यटना'चा फलक

तिसरी वाट पाहुण्यांची. बारामतीजवळ २००५ मध्ये पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटनाचा संघटित प्रयोग सुरू केला आणि २०२० मध्ये राज्य शासनाने कृषी पर्यटन धोरण आणले. २०१७ मध्ये भिलार 'पुस्तकांचे गाव' झाले. घरांच्या ओसरीत पुस्तके आणि मागे स्ट्रॉबेरीचे वाफे, अशा या गावाने पर्यटकाला गावात थांबायला शिकवले. पाचगणीला वर्षभर येणारी गर्दी पाहता घरच्या शेतावर दोन खोल्या, हंगामात स्वतः फळ तोडण्याची मुभा, पिठले-भाकरी आणि जाताना मधाची बाटली, यांतून वीस गुंठ्यांच्या स्ट्रॉबेरीइतके उत्पन्न जोडता येते, असा विश्वास अनेक तरुणांना वाटतो. तो चुकीचा नाही. थेट ग्राहकाला विकलेल्या फळाला दलाली, आडत आणि वाहतूक लागत नाही.

अडचण पुढे सुरू होते. दोन खोल्यांच्या चार होतात, चाराचे तंबू होतात, तंबूंना सिमेंटचा पाया येतो आणि वाहनतळासाठी सर्वांत सपाट, म्हणजे सर्वांत पिकाऊ ताल जाते. शेती फलकावर उरते. १७ जानेवारी २००१च्या अधिसूचनेने महाबळेश्वर-पाचगणी हे सुमारे १२४ चौरस किलोमीटरचे क्षेत्र पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील ठरवले. शेती, फळबागा, हरित पट्टे यांचा वापर बदलायला तिने मज्जाव केला. अपवाद मर्यादित आणि मुख्यतः स्थानिक रहिवाशांच्या निवासाच्या गरजेपुरता. तीव्र उतारावर बांधकामाला बंदी, झाडे तोडायला परवानगीची अट. या नियमांविषयी गावात नाराजी आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. मुलाचे लग्न झाल्यावर एक खोली वाढवायला वर्षभर खेटे घालावे लागतात आणि डोळ्यांदेखत धनिकाचा बंगला मात्र उभा राहतो, हे पाहणाऱ्याला पर्यावरणाचे प्रेम कसे वाटावे? पण नियम नसता तर आज वाफ्यांच्या जागी काय दिसले असते, याचे उत्तर लोणावळ्याच्या बाजूला एक फेरी मारली तरी मिळते.

विकायचे तर कुणाला?

चौथी वाट विक्रीची आणि शहरी वाचकाला सर्वाधिक परिचित. कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. त्यावर तुकडेबंदी, त्यावर संवेदनशील क्षेत्राची बंधने, आणि जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल, तर हस्तांतरणासाठी पूर्वपरवानगी. एवढी कुंपणे असूनही व्यवहार होतात. 'फार्महाऊस प्लॉट' म्हणून दहा-अकरा गुंठे विकले जातात; खरेदीदाराच्या हाती सामाईक उताऱ्यातील एक नाव पडते, बांधकामाची परवानगी नव्हे. दृश्याच्या मोहात आयुष्याची पुंजी घालणाऱ्या शहरी मध्यमवर्गीयाने मूळ उतारा, फेरफार आणि अधिसूचनेतील पट्टा स्वतः वाचल्याशिवाय इसाराचे पैसे देऊ नयेत.

विक्रीचे दुसरे टोक २०२४ मध्ये दिसले. महाबळेश्वर तालुक्यातील कांदाटी खोऱ्यात, कोयनेच्या जलाशयापलीकडील झाडाणी गावची सहाशेहून अधिक एकर जमीन परराज्यात सेवेत असलेल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने व त्याच्या आप्तांनी घेतल्याचा आरोप झाला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने स्वतःहून दखल घेतली आणि जिल्हा प्रशासनाने कमाल जमीनधारणा कायद्याखाली चौकशी सुरू केली. जिरायतीची कमाल मर्यादा ५४ एकर असताना एक अख्खे गाव विकले जाते आणि त्याचा गाजावाजा कित्येक वर्षांनी होतो, यातून खालच्या महसूल यंत्रणेविषयी काय समजायचे ते समजावे. एकट्यादुकट्या, दुर्गम, पाण्याविना राहिलेल्या खातेदारासाठी जमीन विकणे हा निर्णय नसतो. तो एकमेव उरलेला मार्ग असतो. त्याच २०२४ मध्ये सातारा, जावळी व पाटण तालुक्यांतील २३५ गावांसाठी 'नवीन महाबळेश्वर' गिरिस्थानाचा प्रारूप आराखडा पुढे आला. आराखड्याची चर्चा सुरू झाली, की जमिनीच्या चौकशा वाढतात. आणि गावकऱ्याला नकाशातील रंगांचा अर्थ कळेपर्यंत सौदे होऊन गेलेले असतात.

दहा गुंठ्यांची आठवण

लहान तुकड्यावर कुटुंब जगू शकत नाही, हे गृहीतच आव्हानास पात्र आहे, असे सांगणारा एक माणूस याच पट्ट्यातला. मूळचे सातारचे दाभोलकर घराणे; त्यातील श्रीपाद अच्युत दाभोलकर (१९२४-२००१) यांनी सांगली जिल्ह्यात तासगाव परिसरात प्रयोग परिवार उभा केला आणि द्राक्षबागायतदारांना एकमेकांचे शिक्षक बनवले. सूर्यप्रकाश, पालापाचोळा आणि पाणी यांचा काटेकोर हिशेब ठेवला तर दहा गुंठ्यांत एका कुटुंबाला सन्मानाने जगता येईल, अशी त्यांची मांडणी होती. ती शब्दशः पाचगणीत उतरेल असे नाही. येथे चार महिने सूर्यदर्शनच दुर्मीळ असते आणि मुलांच्या शाळेची फी पालापाचोळ्याने भरता येत नाही. पण किती जमीन आहे यापेक्षा तिची नोंद कोण व कशी ठेवतो, हा त्यांचा मुद्दा आजही जिवंत आहे. कोणत्या तालीत कोणत्या वर्षी काय लावले, किती रोपे मेली, सरासरी भाव काय पडला, याची वही ठेवणारे शेतकरी मोजकेच. वहीच नसेल, तर भावाने जमीन विकण्याचा विषय काढल्यावर त्याच्यापुढे कोणता आकडा ठेवणार?

डोंगरातील जमिनीचा जो भाग पिकत नाही, त्यालाही काम आहे. महाबळेश्वरात खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे आणि त्याच तालुक्यातील मांघर हे मे २०२२ मध्ये देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. मधमाशांच्या पेट्यांना गुंठे लागत नाहीत, झाडी लागते. तीच मधमाशी स्ट्रॉबेरीच्या फुलावर बसली तर फळ भरीव येते. तेव्हा यंत्र लावून उतार सपाट करण्याआधी दोनदा विचार व्हावा. जुलै २०२१ च्या पावसात वाई तालुक्यातील देवरुखवाडी व पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे डोंगर घरांवर आले. प्रत्येक दरडीची कारणे निराळी असतील; पण उताराचा पायथा कापायचा आणि वरची झाडी काढायची, हे दोन्ही एकाच दीड एकरात करणे धोक्याचे आहे, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.

कसणाऱ्या हातांचा हिशेबही मांडावा लागेल. घरात दोन माणसे कायम गावी असतील आणि झरा मार्चपर्यंत टिकत असेल, तर वीस गुंठे स्ट्रॉबेरी, तेवढाच फेरपालटीचा भाग आणि उरलेली झाडी, हे गणित जमते. पाहुण्यांच्या खोल्या राहत्या घरातच काढाव्यात. गावी कुणीच नसेल, तर जमीन पडीक ठेवण्यापेक्षा सर्व खातेदारांच्या संमतीने, वकिलाच्या सल्ल्याने लेखी व्यवहार करून भावबंदांपैकी एकाकडे दोन-तीन वर्षांसाठी देणे बरे. ताल दुरुस्तीची अट त्यातच घालावी. विकायचेच ठरले, तर कसणाऱ्या शेजाऱ्याला आधी विचारावे. त्याचा भाव कमी असेल, पण व्यवहार कायद्यात बसेल आणि पैसे बुडणार नाहीत.

गावोगावच्या यात्रा उन्हाळ्यात होतात. सामाईक उताऱ्यावरचे सगळे त्याच दोन-तीन दिवसांत एका अंगणात भेटतात. जूनमध्ये मातृरोपे येतात आणि त्यांची मागणी त्याआधीच नोंदवावी लागते. जुलैपासून पाऊस कुणाला बांधावर फिरकू देत नाही. सप्टेंबरात वाफे पाडायला यंत्र दारात आले, की वर्षाचा निर्णय होऊन गेलेला असतो, मग तो घरच्यांनी केलेला असो वा नसो.